मानाचं बटण

धम्मपाल कायम दमलेला असायचा. सकाळी क्लास उघडायला यायचा तेव्हाही दमलेला, आणि हे मी काही कौतुकानं सांगत नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापुरात आम्ही दोघं भागीदारीत कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. भागीदार असा खुर्चीत मान टाकून बसलेला दिसला की चौकशीला आलेले पालक दारातूनच परत फिरायचे. त्याच्या दमण्यामागं त्याचा एक नसता उद्योग होता. त्या उद्योगापायी हरणाबाईचं पाणी अडकलं, तेव्हाची ही हकीकत आहे.

आमच्या भागात नदीचं पाणी मोटारीनं उचलून शेतांना पाळीपाळीनं देणाऱ्या संस्था आहेत. कुणाची पाळी कधी, यावरून दर उन्हाळ्यात गावोगाव तोंडं फिरायची. धम्मपालनं या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. दर आठवड्याला त्यातून यादी छापून निघायची आणि ती बघून संस्थेचा माणूस नदीवरच्या मोटारीपाशी ज्याच्या त्याच्या शेताचा व्हॉल्व्ह उघडायचा. यानं तो प्रोग्रॅम सोर्स कोडसकट फ्लॉपीवर घालून फुकट वाटला. ज्याला हवा त्यानं घ्यावा, हवा तसा बदलावा, असं त्याचं म्हणणं. बदलायला कुणी आलं नाही, तक्रारी घेऊन मात्र सगळे आले. समोरच्या पीसीओवाल्याला त्याचे निरोप पोचवून पोचवून वीट आला होता.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते अधिकारांनी. प्रोग्रॅममध्ये कुणाला काय करता यावं, हे आधी ठरवावं लागतं. धम्मपालची वाटणी सरळ होती. सभासदानं आपली पाळी बघावी, कारकुनानं यादी छापावी, पाळी बदलायचा अधिकार फक्त सचिवाला. यात अध्यक्ष कुठंच नव्हते, आणि अध्यक्षांना ते खपण्यासारखं नव्हतं.

कृष्णाकाठच्या ज्या संस्थेत हे पहिल्यांदा उपटलं तिथले अध्यक्ष नाथाजी आण्णा. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, सरळ माणूस, पण कीबोर्डवर एक अक्षर शोधायला चहा गार होईपर्यंत वेळ लावायचे. सचिव त्यांचाच पुतण्या, यशराज. आण्णा धम्मपालला म्हणाले, "सचिवाला हाय आन् अध्यक्षाला न्हाई, ह्ये कसं रं?"

खरा अधिकार दिला तर एक चुकीची कळ दाबून आख्ख्या गावाच्या पाळ्या उलट्यापालट्या व्हायच्या. नाही दिला तर आण्णा रुसायचे, आणि आण्णा रुसले की त्यांची निम्मी भावकी रुसायची. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून माणसं वर्षभर बोलत नाहीत, हे धम्मपालनं लहानपणी लांब उभं राहून पाहिलं होतं. त्याच्या घराला तो मान कधीच नव्हता, म्हणून मान म्हणजे काय चीज असते ते त्याला चांगलं माहीत होतं.

त्यानं अध्यक्षांसाठी कॉम्प्युटरवर वेगळा पडदा केला. वर ठळक अक्षरांत नाव आणि हुद्दा, खाली सगळ्या याद्या, त्यांतली नावं पडद्यापुरती वरखाली करता यायची, आणि एक मोठं बटण: 'बदल करा'. ते दाबलं तरी आत काहीच हलत नव्हतं. आण्णांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, "झालं का न्हाई, कळंना गड्या." मग धम्मपालनं आणखी एक ओळ घातली. बटण दाबलं की पडद्यावर यायचं, 'बदल नोंदवला'.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"मानापुरतं आहे," तो म्हणाला. "ते कशाला काही बदलायला जातायत."

आण्णा खूश झाले. ते बघून इतर संस्थांच्या अध्यक्षांनीही तसाच पडदा मागून घेतला.

मग नव्व्याण्णवचा उन्हाळा आला. हरणाबाई म्हणून एक एकटी बाई, तिचा पाटाच्या शेवटाला भुईमुगाचा तुकडा. शेंगा भरायच्या दिवसांत पाणी चुकलं की भुईमूग हातचा जातो. यशराजनं तिची पाळी शेवटाला ढकलली होती. लहान तुकडा, मागनं बघू, एवढंच त्याचं म्हणणं. बाई आण्णांकडं गेली. आण्णांनी स्वतः संस्थेत जाऊन पडदा उघडला, शोधून शोधून तिचं नाव वर घेतलं आणि बटण दाबलं. बदल नोंदवला. चारचौघांत तिला सांगितलं, की येत्या यादीत तुझं पाणी पहिलं. त्याच दिवशी आण्णा कऱ्हाडला काही कामाला आले होते, तर वाट वाकडी करून आमच्या क्लासवर आले.

"धम्मपाल, तुझ्या मशिनीनं आज एक पुण्याचं काम केलं बग," म्हणाले, आणि चहासुद्धा न घेता गेले.

धम्मपाल पांढरा पडला. त्यांना तिथंच सांगायला हवं होतं, पण तो त्यांना नुसता दारापर्यंत पोचवून आला. मी म्हटलं, यशराजला फोन कर, त्याच्याकडनं तरी ती पाळी बदलून घे. त्यानं केला. यशराज हसला. "आण्णांच्या हातात काय द्यायचं न्हाई, ह्ये तूच ठरवलंस न्हवं? मग आता मला कशाला सांगतोस?"

मग त्यानं ठरवलं, यादी निघायच्या आत आण्णांचं बटण खरं करायचं. म्हणजे चार ओळी बदलायच्या आणि प्रोग्रॅम पुन्हा बांधायचा. चार ओळी लगेच झाल्या. बांधायला घेतला आणि गाडं अडलं.

त्याचा प्रोग्रॅम परक्या लोकांनी लिहून फुकट दिलेल्या तुकड्यांवर उभा होता. या तुकड्यांना जार म्हणतात. नोंदी साठवायचा जार एकाचा, छपाईचा दुसऱ्याचा. मधल्या काळात यानं साठवणीचा नवा जार आणून जुना पुसून टाकला होता. नव्याला आणखी एक तिसरा जार लागत होता. तो तिसरा जावाच्या नव्या आवृत्तीशिवाय चालेना, आणि नवी आवृत्ती संस्थेच्या जुन्या मशीनला पेलवेना. छपाईचा जार तर साठवणीचा जुनाच मागत होता. एकाची समजूत काढावी तर दुसरा अडून बसायचा. लग्नघरातही इतकी मनधरणी मी पाहिली नव्हती. जुना जार परत मिळवायचा तर इंटरनेट हवं, आणि इथल्या फोनलाइनवर ती फाईल अर्ध्यात तुटायची. शेवटी एसटीनं सांगलीला गेला. तिथं त्याच्या मित्राच्या कॉलेजात लाइन बरी होती. फायलीचे तुकडे फ्लॉप्यांवर घेऊन आला, तर एक फ्लॉपी वाचेना. पुन्हा सांगली. डोळे सुजलेले, तोंडात घास नाही. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती.

प्रोग्रॅम बांधून झाला तोवर यादी निघून गेली होती, आणि तीत हरणाबाई शेवटालाच होती.

तरी आम्ही दोघं फ्लॉपी घेऊन आण्णांच्या गावी गेलो. आण्णा संस्थेतच होते. धम्मपालनं मुकाट्यानं प्रोग्रॅम चढवला आणि मग उभ्यानंच सगळं सांगितलं. बटण पहिल्यापासून खोटं होतं. मीच तसं केलं होतं. आता खरं केलं आहे.

आण्णांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, फौजी माणूस आहे, भडकेल. त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही.

"हरणाबाई रोज बांधावर खोरं घिऊन बसतीया," ते म्हणाले. "पाणी कवा यील म्हून इचारती. मी म्हणतो, नोंद झालीया, थांब."

"आण्णा, चुकलं माझं."

"आरं, मला काय करता येत न्हाई म्हून पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर मी रुसलो असतो. दोन दिस रुसलो असतो. पर हरणाबाई आली तवा मी नदीवर चालत गेलो असतो आन् माझ्या हातानं व्हॉल फिरवला असता. कोन आडवणार हुतं मला? बटण दाबलं म्हून मी घरात बसलो."

आण्णांनी पायताण घातलं आणि कॉम्प्युटरकडं न बघता भर उन्हात नदीच्या वाटेनं निघाले.