आक्काबाईंनी धरलेले सोमवार

आमच्या शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाची खरी पारख कुणाला आहे, असं मला कुणी विचारलं तर मी आक्काबाईंचं नाव घेईन. खेळ शिकवते मी, शिट्टी माझ्या गळ्यात असते, तरीही. आक्काबाई शाळेत पोषण आहार शिजवतात. ऑफसाइड हा प्रकार त्यांना अजून पटलेला नाही. "पोरगी पुढं गेली की तुमी शिट्टी मारता. मंग काय मागं जाऊन गोल करायचा व्हय?" असं त्या मला दर आठवड्याला विचारतात आणि दर आठवड्याला मी चिडते.

मी चिडते लवकर, हे आधीच कबूल करते. मूळची संगमनेरची. तीन वर्षांपूर्वी कोल्हारजवळच्या या शाळेवर बदलून आले, तेव्हा मुलींचा संघ काढते म्हटल्यावर गावात बरेच जण हसले होते. त्यांना खोटं पाडायचं या ईर्ष्येनेच मी संघ बांधला. शाळा आठवीपर्यंतच. मुली तयार होतात न होतात तोच पुढच्या शाळेत निघून जातात, म्हणून प्रत्येक वर्ष मला शेवटचंच वाटतं.

आक्काबाई पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ, आवाजाने मात्र मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचे यजमान रंभाजी शेती बघतात, आणि चौदा वर्षं झाली, आक्काबाई शाळेची चूल बघतात. स्वयंपाकाची शेड मैदानाला लागूनच आहे. तांदूळ निवडत त्या पायरीवर बसतात आणि आमचा सराव बघतात. त्यांची एक सवय मला सुरुवातीला विचित्र वाटायची. मुली रांगेत आल्या की त्या कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत, ताटाकडे बघतात. कुणी भात परत मागितला, कुणी नुसतं वरण घेतलं, कुणी निम्मं टाकलं, सगळं त्यांच्या ध्यानात राहतं. आमची गोलकीपर सायली तापाने पडणार हे त्यांनी मला ताप येण्याच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी अर्थातच मनावर घेतलं नव्हतं.

यंदा श्रावणाच्या तोंडावर मी संघाची तपासणी सुरू केली. चौथ्या सोमवारी तालुक्याचा सामना होता आणि त्याआधी दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी नावांची यादी पाठवायची होती. एरवी शाळा सुटल्यावर जेमतेम अर्धा तास सराव मिळतो. तेवढ्यात पास, हेडर, कॉर्नर एवढंच होतं. पूर्ण वेळेचा सामना खेळवायचा तर मोकळं मैदान आणि मोकळा वेळ हवा. श्रावणी सोमवारी शाळा अर्धी असते. साडेअकराला सगळे घरी गेले की मी मुलींना मुलांच्या संघाबरोबर खेळवायचं ठरवलं. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते.

दोन सोमवार खेळवलं आणि वहीत लिहिलं. जमेची बाजू: चेंडूवर ताबा चांगला, पास अचूक, सायली उंच चेंडूला घाबरत नाही. लंगडी बाजू: दुसऱ्या डावात सगळा संघ ढेपाळतो. पहिली वीस मिनिटं या मुली मुलांना नाचवायच्या आणि मध्यंतरानंतर पायात शिसं भरल्यासारख्या चालायच्या. सगळ्यात वाईट गत सृष्टीची. ती बचावफळीत मधोमध खेळायची. दुसऱ्या सोमवारी ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली आणि तिच्या बाजूने दोन गोल गेले. पोटऱ्यांत गोळे आले म्हणून ती खाली बसली तेव्हा माझा पारा चढला. "जेवलात ना सगळ्या?" मी ओरडले. "हो बाई," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

सृष्टीला बाजूला घेऊन मी सांगितलं, यादीत तुझं नाव नसेल. ती आठवीत. पुढच्या वर्षी ज्या शाळेत जाणार तिथे मुलींचा संघ नाही. तालुक्याला खेळायची तिची ही पहिली आणि शेवटची संधी होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. बूट काढून हातात घेतले आणि अनवाणीच गेली. मला वाईट वाटलं, पण संघ म्हणजे काही धर्मशाळा नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मंगळवारी मधल्या सुट्टीत आक्काबाई पदराला हात पुसत माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, ती यादी धाडली का?"

"उद्या पाठवायची आहे."

"मंग आज शाळा सुटल्याव त्यांना पुन्हा खेळवा. कालच्यावानी, पुरा वेळ."

"आक्काबाई, तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?" मी फटकन बोलले.

"फुटबालमधलं मला काय बी कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर काल बारा पोरींनी ताट घेतलं न्हाई. गेल्या सोमवारी बी न्हाई. त्या दमल्या न्हाईत बाई, उपाशी हायेत."

मग आक्काबाईंकडूनच सगळं कळलं. सोळांपैकी बारा मुलींनी श्रावणातले सोमवार धरले होते. सकाळी चहा, मग थेट दिवेलागणीनंतर जेवण. आणि कशासाठी, तर तालुक्याला जिंकावं म्हणून. महादेवाला बोललेलं कुणाला सांगायचं नसतं म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. उरलेल्या चौघींच्या घरी उपास नसतात, पण त्याही मैत्रिणींना सामील. सृष्टीने तर कहर केला होता. तिने पाणीसुद्धा सोडलं होतं.

अर्धी शाळा उपासामुळे असते हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण ते नुसतं माहीत असणं. आम्ही बौद्ध. आमच्या घरी श्रावणात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालायचं, संध्याकाळी वस्तीतली माणसं ऐकायला जमायची. सोमवारचा उपास कधी कुणी केला नाही. माझ्या लेखी अर्धी शाळा म्हणजे रिकामं मैदान. आठवड्यातले सहा दिवस सोडून नेमक्या उपासाच्या दिवशी मी त्यांचा दम मोजत बसले होते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुलींना उशिरापर्यंत थांबवून पुन्हा पूर्ण वेळ खेळवलं. सगळ्यांनी आक्काबाईंच्या हातची खिचडी दोन-दोनदा घेतली होती. दुसऱ्या डावात सृष्टी मुलांच्या अंगावर अशी धावून जात होती की पार्थ नावाचा आमचा धिप्पाड फॉरवर्ड मला येऊन म्हणाला, "बाई, हिला आवरा." मी यादीत तिचं नाव घातलं. तिला मात्र म्हटलं, "आज बरी खेळलीस म्हणून घेतलंय." तिचा चेहरा असा उजळला की पुढचं काही बोलायची मला गरजच वाटली नाही.

पण खरी पंचाईत पुढे होती. सामना चौथ्या सोमवारी. मुली उपाशी खेळल्या तर काय होणार हे दिसतच होतं. आणि उपास सोडा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? मी सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावात झालं असतं की नव्या बाई आमच्या पोरींचे सोमवार मोडतात. माझ्या घरचे उपास करत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. संघ तर गेलाच असता, बहुतेक मीही गेले असते. त्या रात्री मला घास गोड लागला नाही.

आक्काबाईंना यातलं काही सांगावं लागलं नाही. बुधवारी त्यांनी मुलींना शेडमध्ये बोलावलं, मलाही थांबवून घेतलं.

"ऐका गं भवान्यांनो," त्या म्हणाल्या. "घरात आजारी मानूस असलं की त्याचा उपास दुसरं कुनी धरतं का न्हाई? धरतं. तुमचे राहिल्याले दोन सोमवार मी धरते. तुमी खायाचं आन् पळायचं."

"पण आक्का, आम्ही कुठं आजारी आहोत?" सायलीने विचारलं.

"मध्यंतरानंतर बघा स्वतःकडं," आक्काबाई म्हणाल्या, आणि मुली फिसकन हसल्या.

"आणि महादेवाला चालेल?" हे सृष्टीने विचारलं.

"त्याला मी बघते. तू तुझ्या पोटऱ्या बघ."

गावातल्या एकाही घरातून तक्रार आली नाही. मी महिनाभर समजावलं असतं तरी जे झालं नसतं, ते त्या बाईने दोन मिनिटांत करून दाखवलं. वर त्याची किंमत स्वतःच्या पोटाने दिली. तिसऱ्या सोमवारी दीडशे पोरांचा भात शिजवला आणि स्वतः शितालाही शिवल्या नाहीत.

सामना आम्ही एका गोलने जिंकलो. जिल्ह्याला पुढे पहिल्याच फेरीत चार गोल खाऊन परत आलो, तेव्हा फार फुशारकी मारत नाही. पण त्या सोमवारी दुसऱ्या डावात समोरच्या संघाने आमच्या गोलसमोर ठाण मांडलं होतं आणि सृष्टी एकेक चेंडू परत धाडत होती. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ती एकटीच अजून धावत होती. मी बाकी सगळं विसरून रडले.

संध्याकाळी मी पेढे घेऊन आक्काबाईंच्या घरी गेले. दिवे लागले होते, त्या उपास सोडायच्या तयारीत होत्या. रंभाजींनी माझंही ताट मांडलं. मी म्हटलं, "आक्काबाई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसता तर संघ गेला होता, सृष्टी गेली होती."

त्यांनी घास खाली ठेवला.

"उपकार कसले बाई? त्यांना सोमवार धरायला मीच सांगितलं हुतं."

मला कळेना.

"पोरी म्हनल्या, आक्का, जिकाया काय करावं? मी बोलून गेले, महादेवाला साकडं घाला. मला काय ठावं, तुमी सोमवारीच त्यांना पळवनार? आन् ती येडी पानी बी सोडंल? त्या दिवशी ती शेडच्या मागं रडत बसली हुती, तवा माझं काळीज फाटलं. माझ्या जिभेपायी पोरगी गेली असती."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी लई चिडता," त्या म्हणाल्या. "पर सृष्टीला सांगितलं. त्याच दिवशी, तिच्या घरी जाऊन, तिच्या आईसमोर. म्हनलं, पोरी, माझं चुकलं."

मी जेवले. त्यांनी मला आग्रह करकरून वाढलं आणि मी मान खाली घालून जेवले. या बाईने तेरा वर्षांच्या पोरीपुढे आपली चूक कबूल केली होती आणि वर दोन उपास केले होते. मी मात्र त्याच पोरीला "बरी खेळलीस म्हणून घेतलं" असं सांगून मोकळी झाले होते. ती आजवर समजत होती की कमी तीच पडली होती.

तिथून निघाले ती थेट सृष्टीच्या दारात गेले. ती ओट्यावर बसून पाय शेकत होती. मला बघून उठायला लागली, तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले आणि म्हटलं, "सृष्टी, त्या दिवशी तू कमी पडली नव्हतीस. मला बघता आलं नाही."

ती हळूच म्हणाली, "बाई, हे आईला पण सांगाल?" आणि मी आत गेले.