रॉकेलातले कुत्रे

सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. वेळ एवढी पक्की सांगते, कारण कुकर लावून मी घड्याळाकडेच बघत होते. पण त्या दिवशी कुकरच्या आधी माझ्या अकलेची शिट्टी वाजली, नि ती पार पेणपर्यंत ऐकू गेली!

आधी सायकलचं सांगते. माझ्या सासऱ्यांची रेसची सायकल. ते गेल्यापासून माळ्यावर पेंढ्याखाली पडलेली. ह्यांच्या मनानं घेतलं, ती परत रस्त्यावर आणायची. खाली काढली तेव्हा मी बघतच राहिले. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर माझ्या अंगठ्याएवढे, नि वजन? एका हातानं उचलली हो मी. दुसऱ्या हातात पोरगी होती! एवढ्या काटकुळ्या सायकलवरून आमचे सासरे पेणहून रोह्याला रेस मारायचे?

तेव्हापासून आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नाही. ह्यांची कंपनीत सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळभर खोलायचं, घासायचं, तेल घालायचं. आमची दीड वर्षांची स्वरा त्यातच लोळायला. मी आपली ओरडतेय, "अहो, नट गिळेल ती!" मी मुळातच भित्री. पोरगी एकदा शिंकली तरी माझं वाफाऱ्याचं पाणी चुलीवर.

तर त्या सकाळी मी वाल सोलत होते, नि पडवीतून ह्यांचं फोनवरचं बोलणं कानावर आलं.

"शेठ, दोन्ही कुत्रे गेले हो! रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवलेत. नाय, काय हालचालच नाय."

माझ्या हातातला वाल हातातच राहिला.

"कधी धरतो, कधी सोडतो. काल पोरगी पुढं बसलेली, नि एकदम… नशीब, माझ्या नडगीवर निभावलं! व्हय व्हय, आता निघतोच रोह्याला."

नेमकी तेव्हाच शिट्टी झाली. गॅस बंद करून बाहेर धावले, तर मोटारसायकल गेलेली! कोपऱ्यात घमेलं, त्यावर पोतं झाकलेलं, नि रॉकेलचा भपकारा. पोतं उचलायची छाती कुणाची होणार? आमच्या दारात भुऱ्या नि काळ्या असे दोन कुत्रे पडलेले असतात. आज दोघांचाही पत्ता नाही! नि काल ह्यांच्या नडगीला पट्टी होती. विचारलं तर म्हणाले, "काय नाय गो, लागलं."

लागलं? का चावलं? नि पोरगी पुढं बसलेली!

ह्यांना फोन लावला, उचलेनात. स्वराला वाटीनं पाणी पाजायला गेले, तर तिनं मान फिरवली. झालं! पिसाळलेला कुत्रा चावला की माणूस पाण्याला घाबरतो, हे सातवीच्या पुस्तकात वाचलेलं नेमकं तेव्हाच आठवायचं होतं!

मी फोडला हंबरडा. शेजारच्या भारतीवहिनी धावत आल्या. "काय झाला गो?"

"वहिनी, कुत्रा चावला! ह्यांना पण, पोरीला पण! नि ह्यांनी दोन्ही कुत्रे मारून रॉकेलात ठेवलेत!"

"अगो बाय! मग हितं रडत काय बसलीस? चल पेणला!"

रिक्षात बसता बसता वहिनींनी अख्ख्या आळीला ओरडून सांगितलं, "कासू गावात पिसाळलेला कुत्रा शिरलाय रे!"

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुठं चावलाय?"

स्वराचा फ्रॉक वर केला, तर काय! मांडीवर ओळीनं काळे दात! "हे बघा, हे बघा!"

बाईंनी चष्मा वर केला. स्पिरिटचा बोळा फिरवला. दात पुसले गेले. सगळे! बोळा काळाकुट्ट.

"ताई," बाई म्हणाल्या, "तुमचा कुत्रा ग्रीस खातो का?"

तेवढ्यात ह्यांचा फोन. माझ्या कडेवर पोरगी, म्हणून वहिनींनीच स्पीकर लावला.

"अगो, कुत्रा मिळाला!"

"जिवंत हाय?" वहिनींनी विचारलं.

"जिवंत? डबीतला हाय! पण एकच मिळाला, जोडीचा नाय."

"डबीतला?" वहिनी किंचाळल्या.

"सायकलच्या फ्रीव्हीलचा कुत्रा गो, दुकानातल्या शेठकडं मिळाला! चाकाच्या आत असतो. पॅडल मारलं की तो दाते धरतो, मग चाक फिरतं. काल धरला नाय, पॅडल मोकळं फिरलं नि बसलं माझ्या नडगीवर."

"नि पोरगी?" मी विचारलं.

"पोरगी हसत व्हती! आज सकाळी खोललेल्या चेनीवर जाऊन बसली, तिला पुसायची राहिली."

सगळा दवाखाना हसतोय, नि आमची पाण्याला घाबरणारी स्वरा नर्सबाईंची बाटली तोंडाला लावून घटाघटा पितेय!

घरी आलो तर अंगणात ही गर्दी, प्रत्येकाच्या हातात काठी. घमेल्याभोवती रिंगण, नि पोतं आधी कुणी उचलायचं यावर भांडण. ह्यांनी येऊन पोतं काढलं. घमेल्यावर सायकलचं मागचं चाक आडवं, मधलं दात्यांचं फ्रीव्हील तेवढं रॉकेलात. नि भुऱ्या-काळ्या? रॉकेलच्या वासाला कंटाळून परसात जाऊन झोपलेले!

मग ह्यांनी डबीतला तो कुत्रा माझ्या तळहातावर ठेवला. काय सांगू! वालाच्या दाण्याहून लहान लोखंडाचा तुकडा, वर केसाएवढी स्प्रिंग. अख्खा माणूस, अख्खा चढ-उताराचा रस्ता ह्याच्या जिवावर? ह्यांनी तो आत बसवला नि चाक हातानं फिरवलं. टिक-टिक-टिक-टिक… माणसांनी हातातल्या काठ्या खाली ठेवल्या. म्हातारी होती त्यांनी तो आवाज ओळखला. सासरे उतारावरून यायचे तेव्हा म्हणे आधी हा आवाज यायचा, मग सासरे दिसायचे. मी चाकाला कान लावला, नि पदर सावरायचंही भान राहिलं नाही.

असल्याच एवढ्याशा लोखंडानं सासऱ्यांना रोह्याला नेलं, नि मला पेणला!

आता जोडीचा तेवढा मिळायचाय. तुमच्या ओळखीत कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दुकानात जुन्या रेसच्या सायकलचा कुत्रा पडून असेल, तर चार माणसांत सांगा नि कासूला निरोप धाडा. फक्त फोन केलात तर आधी 'सायकलचा' म्हणा, मग 'कुत्रा'. ह्यांचा फोन कधीकधी मी उचलते.