देवकीबायच्या मागच्या दारचा भराव

नीताचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी चहात पाव बुडवत होतो. "मामा, आई..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "परत चौकीत नेली का? थांब, आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन येतो." झेरॉक्स पिशवीत टाकून मी जिन्यापर्यंत पोचलो पण. तेव्हा फोनवर तिचा नवरा आला. म्हणाला, "मामा, घरी या. आई झोपेतच गेल्या." एवढा मी हुशार. बहीण वारली आणि मी तिला सोडवून आणायला निघालो होतो.

त्याला आता महिना झाला. देवकीबाय माझी चुलत बहीण. भांडुपच्या खाडीकाठी आमच्या कोळीवाड्यात थोरल्या बहिणीला बायच म्हणतात. तिचा नवरा लवकर गेला. खाडीतली कोळंबी आणि चिंबोऱ्या विकून तिने नीताला वाढवली, मुलुंडला चांगल्या घरी दिली. मी शाळा चौथीत सोडली, म्हणजे शाळेनेच मला सोडलं. म्हणून हे मी बोलतोय आणि नीता लिहून घेतेय. खाडी सोडली ती मला होडी लागायची म्हणून. बसलो की उलटी. कोळ्याच्या पोराला होडी लागते, हे सांगायचं कोणाला... मग डंपर शिकलो. पाडलेल्या बिल्डिंगींचा राडारोडा उचलायचा आणि शेठ सांगेल तिथे ओतायचा. शेठ म्हणाला, तिवरांत ओत. तिवरं म्हणजे आमच्या खाडीतली झाडं, चिखलात पाय रोवून उभी असतात. त्यांच्या मुळांत मासळीची पिल्लं वाढतात. हे मला बापाने शिकवलं होतं. तरी ओतत होतो.

वाट बायच्या घरामागूनच जायची. एक दिवस अकराच्या सुमाराला गाडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेलो, तर ही मासळीची पाटी उपडी घालून वाटेच्या मधोमध बसलेली.

"बाय, ऊठ. शेठ ओरडेल."

"ओरडू दे. तू खाली उतर. जेवलास का?"

जेवणाचं नाव काढलं की मी उतरतोच. तिने भाकरी आणि सुकटाची चटणी काढली. मी खातोय, ती कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं ते सांगतेय. तासाभराने हळूच म्हणाली, "आज तिथी कोणती रं?"

"शनिवार," मी म्हटलं.

"पुनव हाय, मेल्या."

मागे वळून बघतो तर उधाणाचं पाणी चाकांना लागलेलं आणि डंपर म्हशीसारखा एका कुशीवर चिखलात बसत चाललेला. पुनवेला भर दुपारी पाणी कुठवर येतं हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ते विसरून मी तिथेच गाडी लावून भाकरी खात होतो. गाडी बाहेर काढायला दोन दिवस लागले, मला कामावरून काढायला दोन मिनिटं. आठ दिवस मी बायशी बोललो नाही. नवव्या दिवशी भूक लागली.

त्यानंतर तिच्या बाजूला बसायला लागलो. दुसरं काम नव्हतं, हे पण खरं. ती, गल्लीतल्या चार बाया आणि मी. सकाळचा धंदा आटपून ती यायची. मासळी कापायचा कोयता आठवणीने घरी ठेवायची. म्हणायची, "उगाच हत्यार आणलं म्हणतील." एकदा आम्हाला चौकीत नेलं. साहेब माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. म्हणाला, "पुन्हा वाट अडवणार नाही असं लिहून द्या आणि घरी जा." मी त्याचं बोलणं संपायच्या आत सही केली. अंगठा मागितला असता तर दोन्ही दिले असते. बाय म्हणाली, "साहेब, परवा मी परत बसनार हाय. मग खोटं कशाला लिहू?"

"मावशी, नुसता कागद आहे हो."

"तुमाला कागद. नाव माझं हाय ना त्याच्यावर."

तिला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मी बाहेर दोन वडापाव घेऊन उभा होतो. एक तिच्यासाठी होता. तो पण मीच खाल्ला.

मग कॉलेजच्या मुली आल्या. जग तापतंय, समुद्र वर चढतोय, त्याच्यासाठी तुम्ही लढता का, असं विचारत होत्या. बाय म्हणाली, "चढतोय ते मला दिसतं. आधी पुनव-अवसेलाच पानी पायरीला लागायचं, आता मधल्या तिथींना पन लागतं. पन मी बसते ते दुसऱ्यासाठी." आणि मागचं आंगण दाखवलं. "पोरीच्या हळदीला मांडवाला जागा कमी पडत व्हती. मी तिवरं तोडली. दोन डंपर भराव टाकला. आनला ह्यानं, माझ्या भावानं, आहेर म्हनून. शेठला वाट दिसली ती तिथून. आता सगळे डंपर माझ्या पोरीच्या मांडवावरून जातात. वाट मी दिली, बंद पन मीच करनार." मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी चहा सांगतो म्हणून उठलो आणि तडक घरी गेलो.

हे सांगितलं तेव्हा नीताने पेन खाली ठेवलं. हळद तिचीच होती. मग पेन परत उचललं आणि म्हणाली, "पुढे सांग."

पुढे बायचे गुडघे गेले. वाटेवर बसलं की उठवेना. रोज बसणं होईना, तेव्हा तिने घमेलं पण घेतलं. रोज सकाळी मागच्या दारी जाऊन आपणच टाकलेला भराव उकरायचा, गोणीत भरायचा, पालिकेची गाडी आली की द्यायचा. दिवसाला एक घमेलं. जायच्या चार दिवस आधी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती दारात बसून धापा टाकत होती. मी म्हटलं, "बाय, ह्या हिशेबाने शंभर वर्षं लागतील." ती म्हणाली, "म्हनून तर तुला सांगते. अर्धा तुझा हाय."

तेराव्याला शेठचा माणूस आला. बायच्या फोटोच्या पाया पडला, लाडू खाल्ला आणि जाताना म्हणाला, "आता कोण बसणार इथे?" मी म्हटलं, "मी." तो हसला. खरं सांगतो, मला पण हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी डंपर आला तेव्हा मी बसलेलो होतो, आणि चार बाया पण होत्या. डंपर मागे गेला. परत येईल. आम्ही पण येऊ.

घमेलं मागच्या दारी आहे तसंच आहे, कडेला तिच्या हाताने गुंडाळलेली चिंधी. मी रोज सकाळी जातो. नीता रविवारी येते, म्हणते, "मामा, दोन डंपर आहेत ते. तुझ्याच्याने संपणार नाहीत." मी म्हणतो, सगळे नाही गं, वाटेत आडवा चर पडला, गाडीचं चाक अडलं, की बास. कंबर धरते, मध्ये बसतो, शिव्या घालतो, बहुतेक स्वतःलाच. काल उकरताना एक निळी टाइल निघाली, अर्धी फुटलेली, कोणाच्या तरी बाथरूमची. कोणाची ते मला माहीत नाही. आणलेली मीच. घमेल्यात टाकली आणि पुढे खणायला लागलो.