मुख्य छायाचित्रकाराचा सत्कार

हल्ली प्रेसचा पास फोनवर येतो. गेटवरच्या मुलीला ते ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी चित्र दाखवायचं, तिच्या हातातलं यंत्र 'टिंग' करतं आणि आपण आत. काम सोपं झालं यात वाद नाही, पण मला ते अळणी लागतं. मी प्रेसवाला झालो तो बोरीवलीत एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर, आणि माझ्या पहिल्या ओळखपत्राला ज्वारीचा वास होता.

त्याआधी मी बारशी, साखरपुडे आणि सोसायटीतले सत्यनारायण काढायचो. कॅमेरा माझा, लेन्स मित्राची, आणि अल्बम द्यायला उशीर करण्यात माझा हात धरणारा बोरीवली ते दहिसर कोणी नव्हता. तेवढ्यावर मी खूश होतो. पण ताईनं एक मागणं घातलं आणि माझी वाट लागली.

ताई कबड्डी खेळायची. लग्न होऊन मुलुंडला गेली तरी खेळायला आमच्या मंडळाकडेच यायची. मग गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, बास आता. तिनं ठरवलं, आपल्या मैदानावरची या वर्षीची स्पर्धा शेवटची. एका दुपारी आईच्या पलंगावर गुडघा शेकत बसली होती. म्हणाली, "ए, तू फोटोग्राफर ना? माझा एक फोटो काढ. खेळतानाचा."

"तुझे ढीगभर फोटो आहेत की भिंतीवर."

"नीट बघ ना जरा. सगळ्यांत मी उभी. रांगेत. मध्ये कुणीतरी साहेब, आणि त्याच्या खांद्यामागे माझं अर्धं तोंड. नातवंडांना काय सांगू? आजी रांगेत उभी राहण्यात चॅम्पियन होती?"

मी भिंतीकडे बघितलं. खरंच होतं. इतकी वर्षं खेळली, पण खेळतानाचा एकही फोटो घरात नव्हता. गेल्या वर्षी मी प्रेक्षकांतून प्रयत्न केला होता, तेव्हा कॅमेऱ्यात आली ती लोकांची डोकी आणि त्यांनी वर धरलेले फोन. चढाई दिसते ती मॅटच्या कडेला जमिनीवर बसून. आणि त्या दोरीच्या आत बसायला लागतो पास. हे मी घरी समजावून सांगितलं, तर आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "आपल्याच चेडवाचो फोटो काढूक परवानगी कित्याक व्हयी?"

स्वतःच्या मुलीच्या फोटोला परवानगी कशाला, हे आईला पटवायचं सोडून मी पासच्या मागे लागलो.

आधी मी शॉर्टकट मारला. झेरॉक्सवाल्याकडून लाल अक्षरांत 'प्रेस' असं कार्ड छापून घेतलं, त्यावर गॉगल घातलेला माझा फोटो, गळ्यात निळी नाडी. रंगीत तालीम म्हणून अंधेरीच्या एका स्पर्धेला गेलो. गेटवर बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक उभा होता. त्यानं कार्डाकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तू आमच्या पोरीच्या बारशाला आलेलास ना रे?"

"मी? नाही, मी प्रेस..."

"प्रेस कसला, अल्बम कुठाय? पोरगी चालायला लागली!" आणि मागे वळून हाक, "अगं ए, इकडे ये, सापडला बघ तो!"

मी पळालो नाही. भराभर चालत गेलो, एवढंच म्हणेन.

मग सरळ रस्ता धरला. आमच्या भागात एक साप्ताहिक निघायचं. संपादक, उपसंपादक, शिपाई सगळं एकच गृहस्थ. कचेरी पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर. खाली गिरणी चालू झाली की वर टेबल थरथरायचं, आणि टाइपरायटरपासून त्यांच्या भुवयांपर्यंत सगळ्यावर पिठाचा पातळ थर. मी म्हटलं, "पत्र पाहिजे. मी तुमच्या पेपरचा फोटोग्राफर आहे असं."

"आहेस का?"

"नाही."

"मग हो आधी. छापून ये, मग पास माग. स्पर्धावाले छापलेला फोटो मागतात, आणि मी खोटं पत्र देत नाही. माझं लेटरहेड आधीच थोडं उरलंय."

पहिलं काम मिळालं ते सार्वजनिक शौचालयाच्या उद्घाटनाचं. नगरसेवक फीत कापत होते, मी अगदी जवळ जाऊन कला केली. संपादकांनी फोटो दिव्याखाली धरला. "कात्री फार सुंदर आली आहे. नगरसेवक कुठे गेले?" नगरसेवक मागे विरघळले होते. पुढचा फोटो हास्यक्लबाचा नेला, तर सगळे आजोबा माझ्याकडे बघून गंभीर उभे. तेव्हा ते चिडलेच. "अरे, माणूस काय करतोय ते काढ. कसा उभा राहतो ते त्याची बायको बघेल."

मला ताईची भिंत आठवली. त्यानंतर मी कुणालाही 'इकडे बघा' म्हटलं नाही. तुंबलेलं गटार, मंडईतली भांडणं, उद्यानाच्या कुंपणाशी येणारी माकडं, सगळं काढलं. फोटो छापून येऊ लागले. गिरणीत दळणाला आलेल्या बायका पिठाचे डबे खाली ठेवून मला सांगायच्या, "माकड बरा आलाय हां." ते दिवस मला अजून हवेसे वाटतात. पुढे मोठ्या गेटांतून आत गेलो, पण तेवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

शेवटी ओळखपत्र मिळालं, आणि पत्रही. घडी उघडली की पीठ सांडायचं. ते घेऊन स्पर्धेच्या प्रसिद्धिप्रमुखांकडे गेलो. त्यांनी एका दमात ऐकवलं: संपादकाचं पत्र, छापलेले फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स, स्वतःचे दोन फोटो गॉगलशिवाय, आणि हे सगळं आठवडाभर आधी. "आदल्या दिवशी येतात ते कुणाचे तरी भाचे असतात, प्रेस नसतात." आत फ्लॅश मारायचा नाही, चढाई चालू असताना उठायचं नाही. सगळं कबूल केलं. अर्जात 'हुद्दा' असा एक रकाना होता. तिथे माझा हात जरा थबकला, आणि मी लिहिलं, 'मुख्य छायाचित्रकार'.

संपादकांना सांगितलं तेव्हा ते हसून खोकले. "मुख्य? मग दुय्यम कोण, माकड?"

फायनलला मी दोरीच्या आत मांडी घालून बसलो होतो. गळ्यात खराखुरा पास. ताईनं मॅटवर येताना बघितलं आणि भुवई उडवली. पहिल्या डावात तिनं चढाया कमीच केल्या. गुडघा जपत होती. मी एकही फोटो घाईनं काढला नाही. मला माहीत होतं, शेवटाला ती जाणार. दुसरा डाव संपत आला, आमचं मंडळ तीन गुणांनी मागे, ताईनं कमरेचा पट्टा घट्ट केला. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि लाउडस्पीकर बोलला, "आपले प्रमुख पाहुणे व्यासपीठावर आलेले आहेत. त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असल्यामुळे मुख्य छायाचित्रकारांचा सत्कार आत्ताच करून घेत आहोत."

पुढे माझं नाव. अर्जातला हुद्दा कुणीतरी मनावर घेतला होता.

उपनगरात सत्कार नाकारता येत नाही. प्रसाद नाकारण्यासारखं आहे ते. मी मान हलवून 'नंतर, नंतर' असं केलं, तर दुसऱ्यांदा नाव आलं, वर "लाजू नका" अशी पुस्ती. शेजारचे फोटोग्राफर मला काखेत धरून उठवायला लागले. "जा ना यार, साहेब थांबलेत!" ज्यांनी उठायचं नाही म्हणून बजावलं होतं, ते प्रसिद्धिप्रमुख स्वतः मला ओढत घेऊन गेले.

व्यासपीठावर शाल अंगावर पडली, ती कॅमेऱ्यासकट. एका हातात गुच्छ आला. साहेब नारळ पुढे करत होते आणि मैदानातून एकदम ओरडा झाला. मी नारळ घ्यायचं सोडून मान वळवली. वरून मॅट स्वच्छ दिसत होती. ताई आत घुसली होती, एकीला शिवून वळली, आणखी दोघींनी तिचा पाय धरला आणि ती मध्यरेषेकडे अख्खी लांब झाली. मी शालीच्या आत कॅमेरा शोधत होतो. कॅमेरा होता, पण बटण सापडेना. तिची बोटं रेषेला टेकली. तिघी बाद, बरोबरी!

पुढची चढाई समोरच्यांची होती. त्यांनी गुण घेतला आणि आम्ही हरलो.

घरी आईनं तो नारळ फोडला आणि सोलकढी केली. ताई गुडघ्यावर बर्फ ठेवून वाटी पीत होती. मी शालीची घडी घालत बसलो. शेवटी तीच म्हणाली, "नाही ना मिळाला?"

"नाही."

"सोलकढी छान झालीय," ती म्हणाली आणि भिंतीकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी मी स्पर्धेच्या अधिकृत फोटोग्राफरकडे गेलो. व्यासपीठाचे फोटो त्याचेच. चढाईच्या वेळी तोही तिथेच, कडेला खुर्चीवर चढलेला. तो म्हणाला, "तुझा सत्कार फुकट गेला रे. खुर्ची हलली, फोकस मागे गेला. साहेबांचं तोंडच हललंय, कमिटीवाले शिव्या देतायत. उडवणारच होतो."

मी स्क्रीनवर बघितलं. डावीकडे पुसट साहेब, हवेत धरलेला पुसट नारळ, शाल पांघरलेला तोंड वासून पुसट मी. आणि आमच्या मागे, खाली, लखलखीत मॅटवर ताई. केस सुटलेले, ओठ आवळलेले, दोघींना पायाशी ओढत, बोटं रेषेवर. कात्री नव्हती. नगरसेवक नव्हता. माणूस काय करतोय तेवढंच होतं.

"उडवू नकोस," मी म्हटलं. आणि त्याचा हात बटणावरून बाजूला सारला.

गिरणीच्या जागी आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. साप्ताहिक संपादकांबरोबरच गेलं. पीठ सांडणारं ते पत्र मी जपायला हवं होतं, पण स्पर्धावाल्यांनी ते ठेवून घेतलं. फोटो मात्र मुलुंडला ताईच्या हॉलमध्ये आहे, चांगला मोठा करून लावलेला. हरल्याचं त्यात कुठे दिसत नाही. नवीन पाहुणे त्यासमोर थांबतात, तिला ओळखतात, वा म्हणतात. मग कडेच्या त्या पुसट, शालीतल्या माणसाकडे बोट करून विचारतात, हा कोण मध्येच?

ताई आतून चहा घेऊन येते आणि अगदी गंभीरपणे सांगते, "ते आमचे मुख्य छायाचित्रकार."