उज्ज्वलाताईंची गाडी आणि अकराचा वायदा

सकाळी आठलाच उज्ज्वलाताईंचा फोन आला. "हरिसिंगभाऊ, आज अकराच्या आत गाडी चालू झाली पायजे. नाईतर कपिल तिले बाबुलालच्या हवाली करते."

बाबुलाल घाटंजीचा. जुन्या गाड्या खोलून त्यांचे सुटे भाग विकतो. कपिल म्हणजे ताईंचा मुलगा, त्यानं परस्पर सौदा ठरवलेला, अकराला बाबुलाल गाडी न्यायला येणार. मी आर्णीत वीस वर्षं मेकॅनिक आहे, आणि त्या फोननं माझी लाजच काढली. महिनाभरात ती जुनी मोटारसायकल तीनदा माझ्याकडे येऊन गेली होती. किका मारून पाय दुखले की कशीबशी चालू व्हायची, आणि रेस सोडली की गप्प.

ताई गाडी शिकल्या बेचाळिसाव्या वर्षी, नवरा वारल्यावर. शेत चार किलोमीटरवर, आणि कुणाची वाट बघत फाट्यावर उभं राहणं त्यांच्या रक्तात नाही. पहिल्या दिवशी थेट तुरीत घुसल्या. उठल्या, पदर खोचला, पुन्हा किक मारली. आता मागे फवारणीचा पंप बांधून अशा सुसाट जातात की माणसं बाजूला होतात. कपिल म्हणतो, स्कूटी घेऊन देतो. काळ्या मातीच्या चिखलात चालवून दाखव म्हणावं एकदा!

मी नऊला ताईंच्या घरी पोचलो. चौथ्यांदा कार्बोरेटर खोलला. स्वच्छ. प्लग काढला, तर काजळी धरलेला. नवा टाकला, वीस किका मारल्या, तोही काळा. माझं डोकं फिरलं. पेट्रोल पंपवाल्याला शिव्या दिल्या, कपिललाही दोन दिल्या.

ताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "भाऊ, प्लग काळा कायले होते?"

"पेट्रोल जास्त, हवा कमी."

"मंग हवा जिथून येते थे दाखवा ना."

"तिथं काई नाई ताई. एअर फिल्टर मीच नवा टाकला, दसऱ्याले."

"दसऱ्याले घरात कापूस होता काय?"

नव्हता, नंतर आला. आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच असतो, समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली. आणि दव लागू नये म्हणून ताईंची गाडी त्याच गंजीला टेकून उभी!

माझ्या हातातला पेचकस घेऊन ताईंनीच फिल्टरचं झाकण उघडलं. आत कापूस. ठासून भरलेला, सरकीसकट. मी मूठभर ओढला आणि आतून एक उंदीर निघून थेट माझ्या बाहीत शिरला. मी किंचाळलो, लपवत नाही. ताई हसून हसून ओट्यावर बसल्या.

सगळा कापूस काढला, डबा पुसला, कुरतडलेला फिल्टर बदलला, प्लग घासला. अकराला पाच कमी होते. "ताई, तुमीच मारा किक."

पहिली फुकट गेली. दुसऱ्या किकला गाडी चालू! ताईंनी रेस सोडली. बंद नाही पडली. एका लयीत चालत राहिली, आणि मी अंगणात अक्षरशः नाचलो.

तेवढ्यात कपिल आला, नव्याकोऱ्या मोटारसायकलवर, मागे बाबुलाल. बाबुलालनं उतरून इंजिनला कान लावला आणि त्याचे डोळेच चमकले. "काय आवाज आहे! हिले मी खोलत नाई. मीच चालवतो. चला, घेतली."

माझं तोंड उतरलं. गाडी दुरुस्त करून मीच घात केला होता.

"आई," कपिल चाचरत म्हणाला, "मी शब्द देल्ला ना त्याले."

"शब्द तू देल्ला ना?" ताईंनी गिअर टाकला. "मंग गाडीबी तुयीच दे."

आणि त्या शेताकडे निघूनही गेल्या. बाबुलाल वळून कपिलची नवी गाडी न्याहाळू लागला.