हळू आवाज

घरात पहिल्यांदाच गाणी ऐकण्याची नीट सोय करायची, म्हणून मी अँप्लिफायर बघायला दुकानात गेलो होतो. स्वस्तातला पण बरा मिळावा, एवढीच अपेक्षा होती. माझ्या आधी एक वयस्कर जोडपं तिथे बसलं होतं. काकांच्या कानामागे श्रवणयंत्र होतं. ते पाहून दुकानदाराने एका भारदस्त अँप्लिफायरकडे बोट दाखवलं. "हा घ्या काका. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जाईल."

"मोठे आवाज ऐकू येतात हो मला," काका शांतपणे म्हणाले. "हळू आवाज गेलेत."

दुकानदाराने मग कोपऱ्यातला एक साधा, छोटा अँप्लिफायर जोडला आणि बेताच्याच आवाजात एक गाणं लावलं. कुणी गायिका सावकाश आलाप घेत होती. काका डोळे मिटून पुढे झुकले. काकू मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

आवाज वाढवायला म्हणून आपण हे यंत्र घेतो. पण माणसाला वाढवून हवं असतं ते कधी कधी फार बारीक असतं, सहज निसटून जाणारं.

"आत्ता श्वास घेतला तिने!" काका एकदम म्हणाले. "ऐकलंस?"

"नाही हो, माझं लक्षच नव्हतं." काकू हसल्या आणि दुकानदाराकडे वळल्या. "हाच घेऊ आम्ही. पण आधी पुन्हा पहिल्यापासून लावा."

गाणं पुन्हा सुरू झालं. या वेळी आम्ही चौघंही त्या श्वासाची वाट पाहत होतो.