मावशींची गुळगुळीत बोटं

मावशींना पहिल्यापासून खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाची धास्ती. मग ती खिडकी बँकेची असो, पोस्टाची असो, नाहीतर पासपोर्टची. नंबर पुकारला की या हातातले कागद पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायच्या. लग्न होऊन नवऱ्यामागे परक्या देशात गेल्या, तिथं हयात काढली, हात वर करून शपथ घेतली, जन्माच्या देशाचा पासपोर्ट परत करून रीतसर तिथल्या नागरिक झाल्या. तरी धास्ती काही हटली नाही. "अगं, आपण आता इथलेच," असं काका, म्हणजे त्यांचे यजमान, शंभरदा सांगायचे. मावशी मान डोलवायच्या आणि पर्समधला पासपोर्ट चाचपून बघायच्या.

काका सिटी बस चालवायचे. मावशी एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांना पॉलिश करायच्या. फिरत्या चाकावर दगडाची ओली पूड टाकायची आणि कवळी त्यावर धरून लख्ख करायची. बाकीच्या बायका हातमोजे घालत. मावशी नाही. मोज्यातून कवळी सटकते आणि हिरडीला टोचणारा कंगोरा उघड्या बोटालाच कळतो, असं त्यांचं ठाम मत. दातांचे डॉक्टर मावशींच्याच हातची कवळी मागायचे, त्याचा त्यांना कोण अभिमान! त्या चाकावर कवळीबरोबर बोटंही घासली जात होती, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

निवृत्त झाल्यावर खरी पंचाईत झाली. दोघांची पेन्शन एकत्र करूनही घरभाडं देताना नाकीनऊ यायचे. हीटर लावला की औषधं लांबणीवर पडायची. लेक त्याच शहरात होती, पण तिचं घर म्हणजे एक खोली, त्यात जावई, दोन पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. मग काकांनी फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. त्यात त्यांच्यासारखीच म्हातारी जोडपी एका स्वस्त देशात ऐसपैस राहत होती. काकांनी एकदा डोक्यात घेतलं की संपलं.

"एका देशात रुळायला माझा जन्म गेला," मावशी म्हणाल्या. "आता दुसऱ्यात रुळायला आणखी एक जन्म कुठून आणू?"

"मी आहे ना," काका म्हणाले. झालं, घर आवरलं.

नव्या देशात काकांचं नशीबच फळफळलं. दोन मोठ्या खोल्या, पुढे गॅलरी, खाली बाजार. गुडघ्याचा डॉक्टर निवांत बोलणारा भेटला, पत्ते कुटायला सवंगडी मिळाले, आणि जन्मभर खाकी गणवेश घातलेला हा माणूस फुलाफुलांचे शर्ट घालून शीळ घालत जिना उतरायला लागला. मावशी मात्र दारावर टकटक झाली तरी दचकायच्या. पासपोर्ट आता पर्समध्ये नव्हे, गळ्यातल्या पिशवीत असायचा. अंघोळीच्या वेळी ती पिशवी बाथरूमच्या खुंटीला. "त्यालाही एकदा साबण लाव," म्हणून काका खिदळायचे. मावशींना हसू यायचं नाही. इथून हाकललं तर जायचं कुठं? तिकडचं घर सुटलेलं, लेकीकडे पाय ठेवायला जागा नाही, आणि जन्माच्या देशात जायचं तर तिथलाही व्हिसा मागायचा.

राहण्याचा परवाना नवा करायला दोघं कचेरीत गेले, तेव्हा खिडकीतल्या बाईनं नव्या नियमाप्रमाणे ठशांसाठी बोटं काचेवर ठेवायला सांगितलं. काकांचा नंबर नंतर होता. मावशींनी आधी अंगठा ठेवला. मशीनवर लाल दिवा लागला. बाईनं काच पुसली, ओला स्पंज दिला. दहाही बोटं झाली. लालच.

"रेघाच नाहीत हो तुमच्या बोटांना," बाई म्हणाली. "हातांना आराम द्या आणि पुन्हा या. यांचंही तेव्हाच करू."

मावशी कशाबशा घरी आल्या. मग सुरू झाली बोटांची बडदास्त. पाण्यात हात घालायचा नाही, तेल चोळायचं, झोपताना हाताला मोजे. भांडी काकांकडे आली. सुरुवातीला त्यांनी गाणं म्हणत घासली, मग आदळआपट करत, आणि पुढे पुढे "मित्र थांबलेत" म्हणून तशीच टाकून जायला लागले. मावशी उजेडात बोटं धरून रेघा शोधत बसायच्या. एखादी दिसल्यासारखी वाटायची, पुन्हा नाहीशी व्हायची. एकटीला विमानात बसवून दिलंय, असं स्वप्न पडून त्या घामाघूम होऊन उठायच्या.

दुसऱ्या खेपेलाही लाल दिवाच लागला.

खिडकीतली बाई भली होती. तिनं आवाज खाली आणला. "डॉक्टरचा दाखला जोडून मी वर पाठवते. पण जुना परवाना संपतोय, तेव्हा मंजुरी येईपर्यंत तुम्हाला देशाबाहेर थांबावं लागेल. किती दिवस, ते मी नाही सांगू शकत." मग ती काकांकडे वळली. "तुमचाही अर्ज थांबवून ठेवू का? म्हणजे दोघांना बरोबर जाता येईल, बरोबर परतता येईल. काही बिघडत नाही."

मावशींच्या जिवात जीव आला. त्यांनी गळ्यातली पिशवी सावरली. एकत्र जायचं असेल तर काहीतरी मार्ग निघेल. एखादी भाड्याची खोली, काहीही.

काका काचेकडे बघत होते.

"नको," ते म्हणाले. "माझं आजच करून टाका. हिचं मागाहून होईलच की."

त्यांनी अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला, पहिल्याच झटक्यात.

"अहो," मावशी म्हणाल्या, "मी तिकडे राहू कुठं?"

"होईल गं काहीतरी. लेक काय टाकून देणारेय तुला? आणि इथलं घर कुणीतरी सांभाळायला हवंच ना." हे सगळं ते खिडकीकडे तोंड करूनच बोलले.

मावशींनी आधाराला काकांची बाही धरली. काकांनी ती हळूच सोडवून घेतली, कारण बाईनं फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं होतं, आणि त्यांना खिशातून कंगवा काढून भांग नीट करायचा होता.